मेलेल्या विषाणूने दिलेला सुगावा

रोगप्रतिकारशक्तीचा धडा शिकवताना आपण फळ्यावर प्रतिपिंडाचे इंग्रजी वाय अक्षरासारखे चित्र काढतो, लसीकरणाचे महत्त्व सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. या धड्यात एक हिशेब सहसा राहून जातो. तो आज करून पाहू. इन्फ्लुएंझाचा विषाणू श्वासनलिकेतील एखाद्या पेशीत शिरला, की साधारण आठ-दहा तासांत तिच्यातून नवे विषाणू बाहेर पडू लागतात. त्यांपैकी शंभरच पुढच्या पेशींमध्ये शिरू शकले असे धरा. सहा पिढ्यांत, म्हणजे सुमारे अडीच दिवसांत, त्यांची संख्या एकावर बारा शून्ये एवढी होईल. इतक्या पेशी आपल्या साऱ्या श्वसनमार्गात नसतातच. आणि ज्या शरीराची या विषाणूशी पूर्वी गाठ पडलेली नाही, त्याला पुरेशी प्रतिपिंडे तयार करायला आठवडा तरी लागतो. मग पहिले पाच-सहा दिवस आपल्याला कोण वाचवते?

याचे उत्तर ‘उपजत प्रतिकारशक्ती’ असे आज कोणत्याही जाड पुस्तकात सापडेल. लागण झालेली पेशी मुकाट्याने मरत नाही. ती शेजारच्या पेशींना सावध करते आणि त्या आपली दारे बंद करतात. ही गोष्ट उमगली ती इन्फ्लुएंझाच्याच विषाणूमुळे, आणि तीसुद्धा मेलेल्या विषाणूमुळे. संशोधकांनी फक्त जिवंत विषाणू वापरला असता, तर ती कदाचित आणखी कित्येक वर्षे लपून राहिली असती. असे का, हे समजायला पुढची चाळीस वर्षे जावी लागली.

फेरेट, अंडी आणि एक कोडे

१९१८च्या महासाथीच्या वेळी हा रोग कशामुळे होतो तेच ठाऊक नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी १८९२ साली एक जिवाणू शोधला होता आणि त्याच्यावरच सगळ्यांचा संशय होता. खरा गुन्हेगार माणसात सापडला तो १९३३ मध्ये. लंडनमधील नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील गुळण्यांचे पाणी अतिसूक्ष्म गाळणीतून गाळले. जिवाणू गाळणीत अडकले, तरी खाली आलेल्या पाण्याने फेरेटना फ्लू झाला. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा, लांबट अंगाचा प्राणी. लेडलॉ यांनी कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगावर काम करताना तो वापरला होता, म्हणून तो हाताशी होता. माणसासारखाच तो शिंकतो, त्याचे नाक वाहते, त्याला ताप येतो. पुढे १९३६ साली अशाच एका फेरेटने तिथल्या संशोधकाच्या तोंडावर शिंक दिली आणि त्याला फ्लू झाला. विषाणू उलट्या दिशेनेही जातो, याचा पुरावा त्या प्राण्याने असा फुकटात दिला!

फेरेट महाग आणि सांभाळायला अवघड. त्यामुळे थोड्याच वर्षांत कोंबडीच्या उबवत्या अंड्यांत हा विषाणू वाढवण्याची पद्धत रूढ झाली. १९४१ साली अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांना त्याची मोजणी करण्याची सोपी युक्तीही सापडली. कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी नळीत ठेवल्या तर त्या तळाशी बुंदीसारख्या एका ठिपक्यात गोळा होतात. विषाणू असेल तर तो पेशींना एकमेकींशी जोडून जाळे बनवतो आणि तळावर पातळ चादर पसरते. सूक्ष्मदर्शकाची गरज नाही, नुसत्या डोळ्यांनी निकाल.

अंडी आणि ही चाचणी हाती असल्याने एका जुन्या कोड्यावर प्रयोग करणे शक्य झाले. एका विषाणूची लागण झालेल्या प्राण्यात दुसरा विषाणू नीट वाढत नाही, असे १९३५-३७च्या सुमारास माकडांवरील पीतज्वराच्या प्रयोगांत दिसले होते. पहिला विषाणू दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करतो म्हणून याला ‘इंटरफिअरन्स’ म्हणू लागले. भौतिकशास्त्रात आपण ज्याला व्यतिकरण म्हणतो तोच हा इंग्रजी शब्द, पण तिथल्या लहरींशी इथे काही संबंध नाही. १९४३ साली वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्याने दाखवले, की निष्प्रभ केलेला, वाढूच न शकणारा इन्फ्लुएंझाचा विषाणू आधी अंड्यात टोचला, तरी नंतरच्या जिवंत विषाणूला अडथळा होतो. हे जास्तच चमत्कारिक होते. जिवंत विषाणूने पेशीतला कच्चा माल संपवला असे म्हणता आले असते. मेलेला काय खाणार? त्याने फक्त दार अडवले असेल, असा बहुतेकांचा तर्क होता.

एका वर्षाचा पाहुणा

अॅलिक आयझॅक्स हा ग्लासगोचा डॉक्टर. मेलबर्नमध्ये बर्नेट यांच्याकडे त्याने याच कोड्यावर काम केले होते आणि आता तो लंडनजवळ मिल हिल येथे, त्याच संस्थेच्या नव्या इमारतीत, जागतिक इन्फ्लुएंझा केंद्राचे काम पाहत होता. १९५६ साली तिथे ज्याँ लिंडेनमान हा तरुण स्विस संशोधक एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर आला. त्यालाही झुरिचमध्ये याच विषयाने झपाटले होते. चहाच्या वेळी गप्पा झाल्या आणि दोघांनी मिळून प्रयोग करायचे ठरवले.

त्यांचा मूळ प्रश्न साधा होता. मेलेला विषाणू पेशीत पूर्ण शिरतो, की बाहेर राहूनच दार अडवतो? बाहेरून काढून घेता यावा म्हणून त्यांनी विषाणू तांबड्या पेशींच्या रिकाम्या आवरणांवर चिकटवून पाहिला. पण हिशेब जुळेना. अडथळा करण्याची जेवढी क्षमता नळीत घातली होती, तीत घट होण्याऐवजी नळीतल्या पाण्यातच नवी क्षमता आलेली दिसे. हिशेब न जुळणे हा विज्ञानात कधी कधी फार मोठा लाभ असतो. इथे तसेच झाले.

मग त्यांनी केलेला प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत शोभावा इतका साधा आहे. दहा-अकरा दिवस उबवलेल्या अंड्यातील गर्भाभोवतीचे पातळ आवरण काढून त्याचे तुकडे क्षारांच्या द्रावणात ठेवले. त्यांत ५६ अंश सेल्सिअसवर तापवून निष्प्रभ केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू घातला. काही तासांनी तुकडे स्वच्छ धुतले आणि विषाणू नसलेल्या ताज्या द्रावणात एक दिवस राहू दिले. नंतर ते तुकडे फेकून दिले, आणि उरलेल्या पाण्यात ज्यांनी विषाणू कधी पाहिलाच नव्हता असे नवे तुकडे टाकले. शेवटी या नव्या तुकड्यांना जिवंत विषाणूची लागण केली. हर्स्टची चाचणी घेतली, तर विषाणू फारसा वाढलेला नव्हता. म्हणजे दार अडवणारा विषाणू तिथे नसतानाही दार बंद झाले होते. पहिल्या तुकड्यांनी पाण्यात काहीतरी सोडले होते.

ते काहीतरी विषाणू नव्हते हे दाखवण्यासाठी त्यांनी बरीच पडताळणी केली. अतिवेगवान अपकेंद्रीत विषाणू तळाशी बसतो, हे बसत नव्हते. विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांनी त्यावर परिणाम होत नव्हता. त्याला त्यांनी नाव दिले ‘इंटरफेरॉन’, इलेक्ट्रॉन-न्यूट्रॉनच्या चालीवर. १९५७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे दोन निबंध छापून आले. त्याच वर्षी आशियाई फ्लूची साथ जगभर फिरत होती आणि मे महिन्यात ती भारतातही पोचली होती. न्यायासाठी हेही सांगायला हवे, की जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनी १९५४ सालीच सशाच्या त्वचेत असाच एक ‘रोधक घटक’ पाहिल्याचे लिहिले होते. पण ते फ्रेंचमध्ये छापले गेले आणि फार थोड्यांनी वाचले.

स्वागत कसे झाले? १९६० साली फ्लॅश गॉर्डन या अमेरिकन चित्रकथेत अंतराळवीरांचे प्राण इंटरफेरॉनने वाचवले. शास्त्रज्ञ मात्र इतके उदार नव्हते. पाण्यात उरलेल्या विषाणूचाच हा परिणाम असणार, असे अनेकांना वाटे. काहींनी चेष्टेने त्याला ‘मिसइंटरप्रेटॉन’, म्हणजे चुकीच्या अर्थातून जन्मलेला कण, म्हटले. या शंकेला कारणही होते. इंटरफेरॉन अत्यल्प प्रमाणात तयार होते, त्यामुळे ते शुद्ध करणे जमत नव्हते, आणि कोंबडीचे इंटरफेरॉन उंदराच्या पेशींवर जवळजवळ काम करत नाही हे लक्षात न आल्याने काहींचे प्रयोग फसले. आयझॅक्स १९६७ साली वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी वारला. १९७९-८० मध्ये टोकियो आणि झुरिच येथे मानवी इंटरफेरॉनची जनुके जिवाणूंत घालता आली, तेव्हा कुठे वाद मिटला. ते दिवस त्याला पाहता आले नाहीत.

दुर्लक्षित निरीक्षण

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सुरुवातीच्या प्रयोगांतच एक विचित्र गोष्ट दिसली होती. तापवलेल्या विषाणूने इंटरफेरॉन भरपूर तयार होई. जिवंत विषाणूने मात्र फारच कमी. इतकेच काय, पेशींना आधी जिवंत विषाणू दिला आणि मग तापवलेला, तर तापवलेल्यानेही इंटरफेरॉन तयार होईना. लिंडेनमानने १९६० साली यावर जर्मन भाषेत स्वतंत्र निबंध लिहिला आणि या प्रकाराला ‘उलटे इंटरफिअरन्स’ असे नाव दिले. सरळ अर्थ असा, की जिवंत विषाणू पेशीचे तोंड दाबतो. पण कशाने दाबतो? त्या काळात विषाणूची जनुके वेगळी करून पाहण्याचे साधनच नव्हते. निरीक्षण कागदावर राहिले.

लिंडेनमानच्या हाती आणखी एक धागा लागला, तो उंदरांच्या रूपाने. ए-टू-जी नावाच्या वाणाचे उंदीर इन्फ्लुएंझाच्या जबर मात्रेनेही मरत नाहीत, हे त्याने १९६२ साली प्रसिद्ध केले. हा गुण एकाच जनुकामुळे येतो. त्याचे नाव पडले ‘एमएक्स’. सतरा वर्षांनी ओट्टो हालर आणि सहकाऱ्यांनी या उंदरांना इंटरफेरॉनविरोधी प्रतिपिंडे टोचली, आणि ते इतर उंदरांसारखेच मरू लागले. म्हणजे एमएक्स हे शस्त्र आणि इंटरफेरॉन हा ते उपसण्याचा हुकूम. मला यातील सर्वांत मजेशीर भाग वेगळाच वाटतो. प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या बहुतेक उंदरांच्या वाणांत हे जनुक मोडलेले असते. म्हणजे फ्लूवर औषध शोधण्यासाठी आपण अनेक दशके जे उंदीर वापरले, त्यांचे एक मुख्य शस्त्र आधीच गहाळ होते!

एक जनुक काढून पाहू

इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा जनुकीय साठा आरएनएच्या आठ तुकड्यांत असतो. सर्वांत लहान, आठव्या तुकड्यावर ‘एनएस-१’ नावाच्या प्रथिनाचे जनुक आहे. हे प्रथिन विषाणू आपल्या अंगावर बाळगत नाही. पेशीत शिरल्यावर ते तयार होते, आणि भरपूर तयार होते. ते कशासाठी, हे बराच काळ नक्की ठाऊक नव्हते. १९९०च्या दशकात या विषाणूची जनुके हवी तशी बदलण्याचे तंत्र हाती आले आणि १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये अडोल्फो गार्सिया-सास्त्रे, पीटर पालेसे आणि सहकाऱ्यांनी एनएस-१चे जनुक पूर्ण काढून टाकलेला विषाणू तयार केला.

तो जगला का? नेहमीच्या, दहा दिवसांच्या अंड्यांत तो जेमतेम वाढला. साध्या उंदरांना त्याने काही झाले नाही. पण ‘व्हेरो’ नावाच्या पेशींत तो छान वाढला. विद्यार्थी असताना मीही विषाणू वाढवायला व्हेरो पेशी वापरत असे. याच पेशी का, असे विचारल्यावर “त्यांत चांगले वाढतात म्हणून” एवढेच उत्तर मिळाले होते आणि तेव्हा ते मला पुरलेही. खरे उत्तर असे, की आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून १९६२ साली जपानमध्ये सुरू झालेल्या या पेशींच्या वंशाने इंटरफेरॉनची जनुके गमावली आहेत. त्यांना हाक मारताच येत नाही. पुढची पायरी याहून निर्णायक होती. ज्या उंदरांत इंटरफेरॉनचा संदेश पेशीच्या आत पोचवणारे स्टॅट-१ हे प्रथिनच नाही, अशा उंदरांना हा दुबळा विषाणू दिला. ते मेले. म्हणजे विषाणू मुळात दुबळा नव्हताच. समोर इंटरफेरॉन नसेल तर त्याला एनएस-१ची गरजही नाही. हे जनुक विषाणू बाळगतो ते मुख्यतः या एका कामासाठी.

१९५६च्या नळीत काय घडले, हे आता नीट सांगता येते. त्यासाठी आधी पेशी परक्याला ओळखते कशी ते पाहू. आपल्या पेशीतील प्रत्येक संदेशवाहक आरएनएच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. विषाणूच्या आरएनएचे टोक मात्र उघडे असते आणि त्यावर तीन फॉस्फेट गट असतात. पेशीतील ‘रिग-आय’ नावाचे प्रथिन हे उघडे टोक हुडकत फिरते. हे २००४ ते २००६ या काळात जपान आणि युरोपमधील संशोधकांनी दाखवले. इन्फ्लुएंझाच्या विषाणूला जणू हा पहारा ठाऊकच आहे. आपले संदेशवाहक आरएनए बनवताना तो पेशीच्याच आरएनएच्या टोप्या कापून पळवतो आणि स्वतःच्या आरएनएला चढवतो. शिवाय हे सगळे तो केंद्रकात जाऊन करतो, आणि रिग-आयचा पहारा मुख्यतः केंद्रकाबाहेर असतो. पण मूळ आठ तुकड्यांच्या टोकांना टोपी नसतेच. तिथे तो पकडला जातो.

आणि तिथेच एनएस-१ आडवे येते. रिग-आयला कामाला लावण्यासाठी ट्रिम-२५ या दुसऱ्या प्रथिनाची मदत लागते. एनएस-१ त्यालाच धरून ठेवते, हे २००९ साली कळले. तरीही घंटा वाजलीच, तर दुसरी व्यवस्था आहे. पेशीचे नवे संदेश पक्के होऊन केंद्रकाबाहेर पडण्यापूर्वी त्यांच्यावर जी प्रक्रिया व्हावी लागते, तीच एनएस-१ बिघडवते. मग इंटरफेरॉनचा हुकूम निघतो, पण कचेरीबाहेर पडत नाही.

तापवलेला विषाणू पेशीत शिरतो, त्याचे आरएनए पहाऱ्याला दिसते. पण एनएस-१ बनवण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. म्हणून आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना पेशीची हाक इतकी स्वच्छ ऐकू आली.

१९१८कडे पुन्हा

आपल्याकडे ज्या साथीला मानमोडी म्हणत, ती जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरली आणि पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या लाटेत देशभर पसरली. हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटी आणि त्याहूनही वर जातात. १९२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११पेक्षा कमी भरली. वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे जास्त गेली, हे त्या साथीचे न उलगडलेले वैशिष्ट्य. त्या विषाणूची जनुके जतन केलेल्या ऊतींतून आणि अलास्कातील गोठलेल्या प्रेतातून मिळाली. २००२ साली त्याचे एनएस-१ प्रयोगशाळेतील साध्या विषाणूत बसवले, तेव्हा माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत इंटरफेरॉनशी संबंधित जनुके अधिकच गप्प झाली. उंदरांत मात्र तसे झाले नाही. एनएस-१ ज्या प्राण्याच्या पेशींशी जुळलेले असते, तिथेच ते नीट चालते. २००७ मध्ये पूर्ण पुनर्निर्मित विषाणू माकडांना दिला, तर सुरुवातीचा विषाणूविरोधी प्रतिसाद दबलेला आणि नंतरचा दाह मात्र आवरेनासा झालेला आढळला. घंटा उशिरा वाजली, आणि मग थांबेचना.

यावरून सारे मृत्यू एका प्रथिनामुळे झाले असे कोणी वर्गात सांगू नये. त्या वेळच्या शवविच्छेदनांचे नमुने पुन्हा तपासल्यावर बहुतेकांत जिवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया दिसला आहे. विषाणूने वाट मोकळी केली आणि जिवाणू आत शिरले, असे म्हणणे जास्त बरोबर. भुकेचे वर्ष होते, हेही विसरून चालत नाही.

लिंडेनमानचे एमएक्सही इथे पुन्हा भेटते. माणसातील एमएक्स-ए हे प्रथिन पक्ष्यांच्या फ्लूच्या विषाणूंना बऱ्यापैकी रोखते. १९१८ आणि २००९ या दोन्ही महासाथींच्या विषाणूंच्या एका प्रथिनात त्याला चुकवणारे बदल सापडले आहेत. कोंबड्यांचा फ्लू माणसात सहजासहजी पसरत नाही, त्याचे हे एक कारण.

माणसाच्या बाजूने पुरावा मिळाला तो २०१५ साली. फ्रान्समधील अडीच वर्षांच्या एका मुलीला साध्या मोसमी फ्लूने मरणाच्या दारात नेले होते. तपासात तिच्यात इंटरफेरॉनचे उत्पादन वाढवणारे आयआरएफ-७ हे प्रथिन नसल्याचे आढळले; आई आणि वडील या दोघांकडून जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आली होती. ती वाचली. पुढे दरवर्षी लस घेऊन तिला पुन्हा तसा त्रास झाला नाही, कारण प्रतिपिंडे बनवण्याची तिची क्षमता शाबूत होती. लेखाच्या सुरुवातीला ज्या पाच-सहा दिवसांचा हिशेब केला, तेवढेच दिवस तिच्यापाशी नव्हते.

एनएस-१ अर्धवट तोडलेले विषाणू जिवंत लस म्हणून वापरता येतील का, यावर २०००पासून प्रयोग झाले आहेत. असा विषाणू शरीरात फार पसरत नाही, आणि पेशी मात्र मोठ्याने हाका मारतात. अडचण अशी, की लसीसाठी तो वाढवायचा कुठे? नेहमीच्या दहा-अकरा दिवसांच्या अंड्यांत त्याला इंटरफेरॉन अडवते. सहा-सात दिवसांच्या अंड्यांत मात्र तो चांगला वाढला. तेवढ्या कोवळ्या गर्भाची इंटरफेरॉन बनवण्याची यंत्रणा अजून पुरी तयार झालेली नसते. आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी त्या दिवशी चार दिवस कोवळी अंडी घेतली असती, तर त्यांच्या नळीतल्या पाण्यात बहुधा काहीच सापडले नसते.